राख आणि राखण

माघ लागला की आमच्या गडग्यावरचा अडुळसा फुलतो. एरवी वर्षभर त्याच्याकडे कुणी वळून बघत नाही. चिऱ्यांच्या गडग्याला जिथे जिथे भगदाड पडलं, तिथे आजोबांनी त्याच्या काठ्या खोचल्या आणि विसरून गेले. कुणी पाणी घातलं नाही, खत घातलं नाही, तरी काठ्या रुजल्या. आता त्यांचं कुंपण झालंय. वीतभर लांब पानं, दोन्ही टोकांना निमुळती, समोरासमोर जोडीजोडीनं आलेली. शेजारची शेळी येते, करवंदीची कोवळी पालवी ओरबाडते, अडुळशाला नुसतं नाक लावते आणि पुढे जाते. तमिळमध्ये याला आडातोडै म्हणतात. शेळी शिवत नाही ते, असा त्याचा अर्थ सांगतात. लिनियसने 1753 साली झाडांची नावं मांडली, तेव्हा हे नाव त्याने लॅटिनच्या पंगतीत तसंच बसवलं. एका शेळीचा नकार असा शास्त्रीय नावात कायमचा नोंदला गेला.

फूल मात्र कडू वाटत नाही. जवळ जाऊन बघावं. पांढरं, दोन ओठांचं. वरचा ओठ टोपीसारखा पुढे वाकलेला, त्याच्या आडोशाला दोन पुंकेसर. खालच्या ओठावर जांभळट-गुलाबी रेघा, देवघरापुढे बोटांनी ओढाव्यात तशा. काळा भुंगा गुणगुणत येतो आणि त्या रेघांवर उतरतो. त्याच्या वजनाने फूल थोडं झुकतं, वरच्या टोपीतले पुंकेसर त्याच्या पाठीला टेकतात आणि तो पाठीवर पिवळी पूड घेऊन पुढच्या फुलाकडे जातो. लहानपणी आम्ही ही फुलं उपटून देठाकडची बाजू चोखायचो. थेंबभर गोडी मिळायची. पान तोंडात घातलं की मात्र सगळं तोंड वाकडं. एकाच झाडाने भुंग्याला मध द्यावा आणि शेळीला कडवटपणा, यातला हिशेब तेव्हा कळत नव्हता.

अशाच एका माघात धाकट्या काकांचा खोकला सुरू झाला. आजीने नेहमीप्रमाणे अडुळसा खुडला. अडुळशाचं पान सहजी रस देत नाही. चुरगाळा, पिळा, हात हिरवा होतो, पण थेंब पडत नाही. आजी म्हणायची, "हा भिडस्त आहे. ऊब दिली की बोलतो." ती पानं पाट्यावर ठेचायची, केळीच्या पानात गुंडाळायची, सोपाने बांधायची आणि चुलीतल्या गरम राखेत पुरायची. घटकाभराने पुरचुंडी बाहेर काढली की केळीचं पान करपलेलं असायचं आणि आतला पाला मऊ. फडक्यातून पिळला की काळपट हिरवा रस वाटीत उतरायचा. दोन चमचे रस, त्यात मध. वैद्य याला पुटपाक म्हणतात. अडुळशासारखी वनस्पती हाताशी असताना खोकल्याच्या आणि क्षयाच्या रोग्याने धीर का सोडावा, असं जुने वैद्य विचारत. आजीला संस्कृत येत नव्हतं, पण तो धीर तिच्या हातात होता.

तीन आठवड्यांनी काकांच्या रुमालावर रक्त दिसलं. त्या दिवशी आजीने वाटी धुऊन फळीवर पालथी घातली आणि म्हणाली, "आता हे माझ्या हातातलं नाही. तालुक्याला घेऊन जा त्याला." थुंकी तपासली. क्षय निघाला. गोळ्या सुरू झाल्या. त्या काळी सरकारी गोळ्या दिवसाआड मिळत. उपकेंद्रात सिस्टरच्या समोर बसून, पाण्याच्या घोटाबरोबर गिळायच्या. पहिल्या दिवशी काका न्हाणीघरातून घाबरे होऊन बाहेर आले. लघवी शेंदरी झाली होती. रिफाम्पिसिनचा तो रंग. डोळ्यांतलं पाणीसुद्धा त्याने केशरी होतं. पुढे आम्हाला त्या रंगाचा आधारच वाटू लागला. औषध अंगात पोचलं, याची ती खूण होती. गोळीच्या दिवशी संध्याकाळी आजी पडवीतून हाक मारायची, "बाबू, गोळी घेतलंस?"

तालुक्याच्या डॉक्टरांनी तिला सांगितलं होतं, "आजी, अडुळसा देताय तर द्या, मला माहीत असू द्या म्हणजे झालं. पण एक गोळी चुकली तर तुमचा अडुळसाही उपयोगाचा नाही."

मला त्या दिवसांतली आजीची आणखी एक गोष्ट आठवते. रात्री जेवणं आटोपली की ती चुलीतला एक जाड निखारा बाजूला सारायची आणि त्याच्यावर राख ओढायची. सकाळी राख बाजूला केली की खाली लाल डोळा उघडा. काडेपेटी न लागता चूल पेटायची. मी एकदा हौसेने हे काम मागून घेतलं. राख कमी पडली. निखारा रात्रभर धुमसून संपला. दुसऱ्या रात्री मी राखेचा ढीग घातला. तो गुदमरून विझला. आजी हसली. राख किती घालायची, हे तिला मोजून सांगता येत नव्हतं. हाताला माहीत होतं.

छातीच्या आत नेमकं हेच चाललेलं असतं, हे फार पुढे वाचलं.

24 मार्च 1882 रोजी बर्लिनमध्ये रॉबर्ट कॉखने क्षयाचा जंतू जगापुढे ठेवला. त्यामुळे रोगाचा आरोपी सापडला, आणि मग बराच काळ सगळ्यांची नजर त्या आरोपीवरच राहिली. पण फुप्फुसातली पडझड एकट्या जंतूची नसते. श्वासाबरोबर जंतू आत शिरला की शरीराच्या महाभक्षक पेशी त्याला गिळतात. हा जंतू मात्र मेणासारख्या जाड आवरणाचा, गिळला तरी पचत नाही. त्या पेशीच्या पोटातच तो राहतो. मग आणखी पेशी धावून येतात, त्याच्याभोवती कडं करतात, गाठ बनते. पुष्कळांच्या बाबतीत गोष्ट इथेच थांबते. जगातल्या साधारण चौथ्या हिश्श्याच्या माणसांना या जंतूची लागण कधी ना कधी झालेली असते, आणि त्यांतल्या बहुतेकांना जन्मभर काही होत नाही. निखारा राखेखाली राहतो. राखण चालू असते.

ज्यांचं बिघडतं, त्यांच्या गाठीत आग भडकते. पेशी एकमेकींना हाका मारतात, दाह वाढवणारी रसायनं सोडतात, आणखी पेशी येतात, फुप्फुसाची वीण विरघळवणारी द्रव्यं सुटतात. गाठीचा मध्य नासलेल्या दुधाच्या चोथ्यासारखा होतो, फुटतो, आणि तिथे पोकळी उरते. त्या पोकळीतून खोकल्याबरोबर जंतू बाहेर पडतो आणि दुसऱ्याच्या श्वासात जातो. चोर पकडायला आलेल्या गावकऱ्यांनी घरालाच आग लावावी आणि त्या धुरात चोर निसटावा, तसं.

दाह वाढवणाऱ्या या रसायनांत टीएनएफ नावाचं एक आहे. बडोद्यात वैद्यकीय शिक्षण घेतलेल्या ललिता रामकृष्णन यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी झेब्राफिश या माशाच्या पारदर्शक पिलांमध्ये त्याचं काम पाहिलं. क्षयाच्या जंतूच्या एका चुलतभावाची लागण माशांना होते. पिलू काचेसारखं असल्यामुळे आत चाललेली झुंज सूक्ष्मदर्शकातून दिसते. टीएनएफ कमी पडलं, तर महाभक्षक पेशीच्या आत जंतू माजतो. जास्त झालं, तर पेशीतले ऊर्जेचे कारखाने तापतात, पेशी फुटून मरते, आणि जंतूला बाहेर मोकळं रान मिळतं. दोन्ही वाटांनी रोग जिंकतो. मला माझ्या दोन रात्री आठवल्या, एक कमी राखेची आणि एक जास्त राखेची.

माणसांतही हे दिसलं आहे. संधिवातासाठी टीएनएफ अडवणारी इंजेक्शनं आली, तेव्हा काही रुग्णांच्या छातीत वर्षानुवर्षं झोपलेला क्षय जागा झाला. 2001 साली ते उघड झालं. आग साफ विझवली की राखणही संपते. उलट मेंदूच्या आवरणाच्या क्षयात, जिथे दाहाला पसरायला जागाच नसते, तिथे गोळ्यांबरोबर दाह उतरवणारं डेक्सामेथासोन दिलं, तर मृत्यू कमी होतात, हे व्हिएतनाममधल्या मोठ्या चाचणीत 2004 साली दिसलं. म्हणजे औषध दोन तऱ्हांचं लागतं. एक जंतूला मारणारं, दुसरं आपल्याच आगीला मापात आणणारं. हे दुसरं औषध शोधताना प्रयोगशाळांनी पुन्हा झाडांच्या दारात जाऊन हात जोडले आहेत.

झाडांच्या दारातच का? मला वाटतं, ती एका जागी उभी असतात म्हणून. पळून जाता येत नाही, हात उगारता येत नाही. बुरशी येते, कीड येते, शेळी येते, ऊन भाजून काढतं. जे काही करायचं ते पानापानात रसायनं बनवून. कोटी कोटी वर्षं त्यांनी हेच केलं. अडुळशाचा कडवटपणा आपल्या खोकल्यासाठी जन्मलेला नाही. तो त्याच्या स्वतःच्या जगण्यासाठी आहे. आपल्याला त्यातलं काही उपयोगी पडतं, ते आपलं भाग्य. म्हणून आजी पानं खुडताना पायातल्या वहाणा काढायची, ते मला आता बरोबर वाटतं.

डेव्हिड हूपर या रसायनतज्ज्ञाने 1888 साली अडुळशाच्या पानांतून वासिसिन हा क्षारधर्मी पदार्थ वेगळा काढला. वासा हे अडुळशाचं संस्कृत नाव त्यात राहिलं. वासिसिनचा धागा धरून पुढे ब्रोमहेक्झिन तयार झालं आणि त्याच्यापासून अँब्रॉक्सॉल. घट्ट कफ पातळ करायला दिलं जाणारं सरबत बाटलीतून चमच्यात ओतताना आपण गडग्यावरच्या पानाच्या नातवंडाला भेटत असतो. वासिसिनने गर्भाशय आकुंचन पावतं. म्हणून पोटुशी बाईला अडुळसा देऊ नये. झाडाचा आदर म्हणजे त्याची धार ओळखणंही आलं.

गोष्ट इथे संपली असती, तर ती खोकल्याच्या औषधाची झाली असती. पण पेशीला एक जुनी सवय असते. घरात साचलेली मोडतोड, तुटके भाग, आत घुसलेले पाहुणे, हे सगळं ती एका पिशवीत भरते आणि पचवून टाकते. या सवयीला ऑटोफॅजी म्हणतात, पेशीचं स्वभक्षण. तिच्या अभ्यासासाठी योशिनोरी ओसुमी यांना 2016 साली नोबेल मिळालं. क्षयाचा जंतू पेशीच्या पोटात राहतो तो ही झाडलोट टाळून. झाडलोट नीट झाली की जंतूही घटतो आणि दाहाला चेतवणारा कचराही. 2018 साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात असं दिसलं की अँब्रॉक्सॉल ही झाडलोट वाढवतं आणि उंदरांमध्ये रिफाम्पिसिनचा परिणाम बळावतो. माझ्या डोळ्यांसमोर फळीवरची पालथी वाटी आली, आणि तिच्या शेजारी त्या शेंदरी गोळ्यांचं पाकीट. आमच्या घरात ती दोन्ही एकमेकांपासून हातभर अंतरावर होती.

गडग्याच्या आतल्या बाजूला, पोफळीच्या सावलीत, आजीची हळद असायची. श्रावणात तिची रुंद पानं पातोळ्यांसाठी खुडायची, आणि पानं पिवळी पडून मान टाकू लागली की कंद खणायचे. घाटावर, सांगलीकडे, हीच हळद मोठ्या कायलीत शिजते, उन्हात वाळते. पूर्वी ती हरिपूरच्या पेवांत, जमिनीच्या पोटात, साठवून ठेवायचे. अंधारातून बाहेर आली तरी तिचा रंग उन्हाचाच. तो रंग कर्क्युमिनचा, शंभर ग्रॅम हळदीत तो जेमतेम तीन-चार ग्रॅम. पेशीच्या आत दाहाची घंटा वाजवणारं एक प्रथिन असतं, एनएफ-कप्पा-बी नावाचं. कर्क्युमिन त्या घंटेच्या लोलकाला हात लावतं. जंतू शिरलेल्या मानवी महाभक्षक पेशींवर प्रयोगशाळेत कर्क्युमिन घातलं, तेव्हा त्या पेशींना जंतू आवरणं सोपं गेलं. दिल्लीतल्या संशोधकांनी 2017 साली अतिसूक्ष्म कणांत बांधलेलं कर्क्युमिन क्षयाच्या उंदरांना आयसोनियाझिड या क्षयावरच्या औषधाबरोबर दिलं, तर औषधाने यकृताला होणारी इजा कमी झाली आणि बरं झाल्यावर रोग उलटण्याचं प्रमाणही घटलं.

पण हळद आपल्या पोटातून रक्तात फारशी उतरत नाही. तिला कुणाचा तरी हात धरावा लागतो. तो हात आमच्या परसातच होता, पोफळीला बिलगून वर चढलेला मिरवेल. मिरीचा तिखटपणा पायपेरिनचा. बंगळूरमध्ये 1998 साली माणसांवर केलेल्या प्रयोगात पायपेरिनच्या सोबतीने कर्क्युमिन रक्तात वीस पटींनी अधिक मिळालं.

या सोबतीचा शोध लागला तोही अडुळशाच्याच बोटाला धरून. अडुळशात पिंपळी घातली की गुण वाढतो, हे वैद्यांना ठाऊक होतं. जम्मूच्या प्रयोगशाळेत सी. के. अटल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याचं कारण शोधलं. पिंपळीबरोबर दिल्यावर वासिसिन रक्तात दुपटीहून अधिक दिसलं. मग तोच विचार क्षयाच्या गोळीकडे वळला. पिंपळीतही असलेलं पायपेरिन सोबत असेल तर रिफाम्पिसिन कमी पुरेल. 450 मिलिग्रॅमच्या जागी 200 मिलिग्रॅम रिफाम्पिसिन, त्यात आयसोनियाझिड आणि 10 मिलिग्रॅम पायपेरिन, अशी गोळी 2009 साली भारतात मंजूर झाली. पोफळीवरच्या वेलीचं दाणाभर तिखट आणि आधुनिक औषध एकाच कवचात आली.

आणखी एक कडू नाव घेतल्याशिवाय परसातून बाहेर पडता येत नाही. ओलं किराईत. पावसाळ्यात न्हाणीच्या पाण्यावर वाढणारं, गुडघाभर उंचीचं, चिमुकल्या पांढऱ्या फुलांचं. हे अडुळशाच्याच कुळातलं. मुलांना जंतावर द्यायचे तेव्हा घरभर पळापळ व्हायची. त्याच्या कडवटपणातलं अँड्रोग्राफोलाइड क्षयाचा जंतू शिरलेल्या पेशींतला दाह उतरवतं, तेही त्याच घंटेपाशी जाऊन, असं पेशींवरच्या प्रयोगांत दिसलं आहे.

हे सगळं वाचताना छाती भरून येते, आणि त्याच वेळी जपून बोलावंसं वाटतं. काचेच्या बशीतली पेशी म्हणजे माणूस नव्हे, उंदीर म्हणजे काका नव्हेत. बशीत जेवढं कर्क्युमिन घालता येतं, तेवढं हळदीच्या दुधातून फुप्फुसापर्यंत पोचत नाही. आणि पोचवायचं म्हणून अर्कांच्या कॅप्सूल मनाने गिळल्या, तर यकृतावर ताण येतो. क्षयाच्या गोळ्यांनी ते आधीच दमलेलं असतं. 2023 साली जगात सुमारे 1 कोटी 8 लाख माणसांना क्षय झाला, साडेबारा लाख माणसं गेली, आणि रुग्णांतला चौथ्या हिश्श्याहून थोडा अधिक वाटा भारताचा होता. एवढ्या मोठ्या दुःखापुढे झाडाच्या नावाने खोटी आशा विकणं, हा रोग्याचा तर अपराध आहेच, झाडाचाही आहे. अडुळसा आपल्याकडे शतकानुशतकं होता. तरीही आनंदीबाई जोशी डॉक्टर होऊन परतल्या आणि 26 फेब्रुवारी 1887 रोजी, एकविसाव्या वर्षी, क्षयाने पुण्यात गेल्या. तेव्हा जंतू माहीत होता, अडुळसा दाराशी होता, गोळी नव्हती.

मग झाडाची जागा कोणती? आपल्या वैद्यकात एक सुंदर शब्द आहे, अनुपान. मुख्य औषधाबरोबर जे घ्यायचं ते. मध, तूप, कोमट पाणी, कधी एखादा रस. अनुपान स्वतः रोगाशी लढायला उभं राहत नाही. ते औषधाला वाट दाखवतं, त्याची धार सोसण्याजोगी करतं, शरीराला तयार ठेवतं. आजच्या संशोधनाची वाटही तीच आहे. जंतूवर गोळी, आणि सोबतीला माणसाच्या स्वतःच्या आगीला मापात ठेवणारं काही. पुढेमागे चाचण्यांच्या आगीतून तावूनसुलाखून झाडांतलं एखादं द्रव्य त्या जागी बसेल. बसेल तेव्हा ते अनुपान म्हणूनच बसेल, आणि त्यात कमीपणा नाही. आजीने रक्त दिसताच वाटी पालथी घातली. माझ्या मते अडुळशाचा एवढा मान त्यानंतर कुणी राखला नाही.

काका बरे झाले. थुंकी स्वच्छ आली, गोळ्या संपल्या, वजन भरलं. त्याला आता वीस वर्षं होऊन गेली. जंतू केव्हाच मेला. पण काकांच्या उजव्या फुप्फुसाच्या वरच्या भागात एक डाग आहे, क्ष-किरणाच्या फिल्मवर जुन्या घराच्या धुरकटलेल्या आढ्यासारखा दिसणारा. गोळ्या लागू पडायच्या आधी आगीने तेवढी खोली घेतली होती. ती परत बांधता येत नाही.

व्हाळावरून घराकडे येताना तीस-पस्तीस पायऱ्यांची घाटी आहे. मी वर पोचतो, काका मध्येच थांबतात, गडग्याला हात टेकून. "तू हो पुढे," म्हणतात. मी जात नाही. त्यांच्या श्वासाची शिटी हळूहळू शांत होईपर्यंत आम्ही दोघं तिथेच उभे राहतो. माघ असतो. त्यांच्या कोपराशी अडुळशाचं फूल झुकतं, भुंगा उतरतो, पाठीला पिवळी पूड लावून उडून जातो. आणि मी मनात आजीच्या हाताचा अंदाज घेत राहतो. राख नेमकी किती?